ढवळीने खिंड सर केली त्याचा मजकूर

श्री खिंडीतली आई समर्थ. इंद्रायणीचे मुलुखी, लोहगड आणि विसापूर ज्यास ऊनपावसात पाठराखण करितात, ऐशा मावळप्रांती मौजे औंढे येथील राजश्री महिपतीराव यांनी आपली कन्या पहिले बाळंतपणास माहेरी आणावयासी जी मोहीम केली, आणि तीत ढवळी नामे सात आसनांची, टर्बो लाविलेली, दुसऱ्याचे हातून आलेली गाडी कैशी रुसली, कैशी धुराळली आणि अखेर कैशी इमानास जागली, तो मजकूर जैसा ऐकिला तैसा लिहिला असे. वाचणारांनी खुशाल हासावे, परंतु गाडीस हासू नये, तिचे मन कोवळे आहे.

त्यास पूर्ववृत्त ऐसे जे, महिपतीरावांची कन्या सारिकाबाई सुदुंबऱ्यास आदिनाथराव यांचे घरी दिली. जावई कारखान्यात पाळीने चाकरी करीत. लेक मावळचे एका टोकास, मायबाप दुसऱ्या टोकास, आणि मधे दुचाकीवर महिपतीराव, मागे शालूबाईसाहेब, उभयतांचे मधे पोळ्यांचा डबा, ऐशी दरमजल किती दिवस करावी? मग शालूबाईसाहेबांनी फर्माविले की, लेक भेटते परंतु कंबर जाते, सबब चार चाकांची तजवीज व्हावी. तेव्हा पुण्याचे एका गृहस्थाची वापरलेली गाडी घेतली. रंग पांढरा, म्हणोन नाव ढवळी ठेविले. गृहस्थाने किल्ली देताना इतुकेच सांगितले की, टर्बो आहे, जपा. महिपतीरावांनी त्याचा अर्थ ऐसा घेतला की रोज सकाळी फडके मारावे. ते त्यांनी एक दिवस चुकविले नाही. गाईचे पाठीवरून हात फिरवावा तैसा बॉनेटवरून हात फिरवीत, आणि ती सुरू जाहली म्हणजे आतून जी बारीक शीळ येई ती ऐकोन म्हणत की, खुशीत आहे.

परंतु गतसाली औंढ्याचे जत्रेस विहीणबाई हिराबाई यांस मानाने आणिताना गजब जाहला. कामशेतची खिंड अर्धी चढून होते तो ढवळीचे बळ सरले. रेस दाबावी तो मुंगीची चाल, आणि मागून काळा धूर ऐसा उठला की मागील ट्रकवाल्याने भर दुपारी दिवे लाविले. मग सर्वांस उतरविले आणि रिकामी गाडी कशीबशी वर नेली. हिराबाई नवे लुगडे नेसोन आल्या होत्या. त्या खिंड पायी चढल्या, आणि माथ्यावर पोचल्या तेव्हा लुगड्याचा मूळ रंग कोणता, हे त्यांस तोंडी सांगावे लागले. महिपतीरावांस ते फार जड गेले.

पुढे सारिकाबाईस दिवस गेले, सातवा लागला, डोहाळजेवण यथास्थित जाहले, आणि पहिले बाळंतपण माहेरी हा तर चालत आलेला रिवाज. शालूबाईसाहेबांनी आतली खोली सारविली, बाज ताणविली, डिंक, खारीक, अळीव आणोन ठेविले. मग महिपतीराव लेकीस मागावयासी सुदुंबऱ्यास गेले. हिराबाई ओट्यावर लसूण सोलीत बैसल्या होत्या. त्यांनी चहा दिला, आणि चहाबरोबर फर्मान दिले की, आमची सून त्या भट्टीत बसणार नाही, बाळंतपण हितंच होईल.

महिपतीरावांनी अर्ज केला की, ढवळीचा राग असेल तर भाड्याची गाडी आणितो. त्यावर हिराबाईंनी लसणाची पाकळी खाली ठेविली.

"न्याल वो भाड्यानं. पर रातीअपराती पोरीला कळ आली, तर दारात कोन हाय? तीच ना तुमची चूल?"

बोलणे खरे होते. दवाखाना लोणावळ्यात, घर औंढ्यात, आणि मधे ढवळीचा भरवसा. पुष्कळ विनवणी केली तेव्हा हिराबाईंनी तहाची कलमे सांगितली की, मी जातीनिशी गाडीत बैसेन. कोणी न उतरता खिंड चढली पाहिजे, माथ्यावर बंद करोन पुन्हा सुरू जाहली पाहिजे. जमले तर लेक तुमची. न जमले तर तेथोनच तोंड फिरवून सुदुंबऱ्यास.

ही खबर घरी येताच शालूबाईसाहेबांनी डिंकाचा डबा फळीवर मागे सारला. महिपतीरावांनी ते पाहिले, आणि भाकर पुरती न खाता ते ढवळी घेऊन लोणावळ्याकडे निघाले. शालूबाईसाहेबही शेजारी येऊन बैसल्या.

लोणावळ्यात बाजाराचे अलीकडे, पत्र्याचे छपराखाली, पप्पू मिस्त्री यांचा दरबार भरे. इसम हुन्नरी, परंतु जिव्हा पान्याहून अधिक फिरे. बॉनेट उघडताच त्यांनी आतील एक नळी पाहोन कपाळास हात लाविला आणि विचारिले की, हे काम कोण्या गाढवाने केले?

"तूच की, मागल्या पावसाळ्यात," महिपतीराव म्हणाले.

"मग त्या टायमाला तसंच करायला लागत आसंल," पप्पू मिस्त्री म्हणाले, आणि काम सुरू जाहले.

प्रथम हवेचा फिल्टर काढिला. त्यातून पेंढ्याच्या काड्या, धूळ आणि एक वाळका नाकतोडा निघाला. फिल्टर नवा घातला, धूर उणा जाहला, परंतु बळ आले नाही. मग टर्बोपासून इंजिनाकडे हवा नेणारा रबरी पाइप पाहिला तो खालचे अंगास उभा चिरलेला. टर्बोने छाती फुगवून हवा भरावी आणि ती वाटेतच फुस्स होऊन जावी, ऐसा फितवा होता. तो पाइप बदलिला, क्लिपा आवळिल्या, आणि ढवळी लोणावळ्याचे रस्त्यावर वासरासारखी उधळली. महिपतीराव खूश होऊन घरी आले. दोन फेऱ्या नीट जाहल्या. तिसरीत ती जी शीळ, जीस ते खुशी समजत, तिचा हंबरडा जाहला, आणि इंजिनातील ऑइलही उणे भरू लागले.

उभयता पुन्हा लोणावळ्यास आली, तेव्हा मात्र पप्पू मिस्त्रींनी बडबड आवरिली आणि टर्बोच उतरविला. आतली दांडी बोटाने हालविली तो दाढ हालावी तैशी हालली. तीवर जळके ऑइल ऐसे धरले होते, जैसी दुधाची खरवड पातेल्याचे बुडी. मिस्त्री ते पाहोन म्हणाले की, हा रोग गाडीचा नव्हे, चालविणाराचा आहे. चढ चढोन तुम्ही काय करिता, ते खरे सांगा.

महिपतीरावांनी अभिमानाने सांगितले की, आमचे घराणे रीत सोडीत नाही. वडील बैलगाडी हाकीत तेव्हापासोन रिवाज ऐसा की, खिंड चढोन आईसमोर आले म्हणजे क्षणही न दवडता बैल सोडावे आणि हात जोडावे. त्याप्रमाणे मीही माथ्यावर चाक थांबते न थांबते तो किल्ली फिरवितो. आईपुढे गाडी घोरत ठेवणे ही बेअदबी.

पप्पू मिस्त्री खाली बैसले. मग हात पुशीत म्हणाले, "भाऊ, इंजिन बंद केलं की ऑइल थांबतं. टर्बो आत भिंगरीवानी फिरतच ऱ्हातोय, लाल तापलेला. त्याला कोरडा ठेवून तुमी हात जोडताय. आई बी म्हनत आसंल, माज्या पाया मागनं पड, आधी त्याचं बघ."

महिपतीराव ओशाळले. ज्या गाडीस ते रोज फडके मारीत, तिचा घसा आपणच दर खिंडीस कोरडा केला, आणि तोही भक्तीने, हे त्यांस फार लागले. त्यांनी हळूच विचारिले की, मग चालू कितीसी ठेवावी? मिस्त्री म्हणाले की, थोडी, आणि चढ मोठा असेल तर जरा अधिक. हे माप महिपतीरावांस पटेना. उभ्या गाडीत डिझेल जळणे त्यांस स्वतःचे रक्त आटल्यासारखे होई. उतारावर ते बंद गाडी घरंगळत नेत आणि मिस्त्रींच्या शिव्या खात, ऐसा त्यांचा लौकिक. तेव्हा शालूबाईसाहेब, ज्या इतुका वेळ उपड्या डब्यावर बैसोन सर्व ऐकत होत्या, त्यांनी निवाडा केला.

"चढून एक ववी म्हनंस्तवर चालू ठेवायची. ती सरली का किल्ली फिरवायची. डिझेलकडं न्हाई बघायचं, माज्याकडं बघायचं."

मग टर्बोत नवी दांडी बसविली, ऑइल बदलिले, आणि मंगळवार आईचा वार पाहोन सुदुंबऱ्यावर कूच केले. वाटेत काही दिक्कत जाहली नाही. सुदुंबऱ्यास हिराबाई आधीच ओट्यावर तयार होत्या, आणि अंगावर जुनेर होते, यावरोन त्यांचा भरवसा कळला. मधल्या आसनावर सारिकाबाई, तिचे एका अंगास माता, दुसऱ्या अंगास सासू, ऐशी अंबारी सजली. तळेगाव मागे पडले, वडगाव मागे पडले, आणि खिंडीचा चढ समोर उभा राहिला.

चढणीस लागताच पुढे लोखंडाने भरलेला एक ट्रेलर गोगलगाईसारखा आडवा आला. पुढे काढावयासी जागा नाही, मागे गाड्यांची रांग. महिपतीरावांनी तिसरा गिअर सोडोन दुसरा घातला आणि ढवळी थरथरली. ऐन तेच वळण, जेथे गतसाली बळ सरले होते. आरशात पाहावे तो हिराबाई मान वळवून मागील काचेतून धुराची वाट पाहतात, शालूबाईसाहेबांचे डोळे मिटलेले. मग सारिकाबाईच बोलली.

"आप्पा, दमानं घ्या. आमी दोगं बी बरं हाय."

त्या दोघांचे नाव ऐकताच महिपतीरावांचा पाय थिरावला. हलके हलके रेस दिली, आणि आतून शीळ उठली, बारीक, एकसुरी, जात्याचे घरघरीत बांगड्या वाजाव्या तैशी. पाठीस कोणी मायेचा हात लाविला ऐसे वाटोन गाडी पुढे सरली. ट्रेलरचे मागे मागे, न थांबता, न धुराळता, ढवळी खिंडीचे माथ्यावर दाखल जाहली.

तेथे शेंदराची आई, झेंडूची माळ ल्यालेली. चाक थांबताच महिपतीरावांचा हात रिवाजाप्रमाणे किल्लीवर गेला, आणि शालूबाईसाहेबांनी मागून त्यांचा खांदा घट्ट धरिला. गाडी गुरगुरत राहिली. हिराबाई संतापल्या. त्यांचेही घरी तोच रिवाज.

"आईम्होरं गाडी चालू ठिवताय? लाज कुटं सांडली?"

शालूबाईसाहेबांनी हात जोडोन ओवी धरली, इंजिनाचे घरघरीवर, जैसी पहाटे जात्यावर धरावी.

चढन चढून दमली, माजी ढवळी गं ढवळी
खिंडीतल्या तू गं आई, लेक माजी घे जवळी

ओवी सरली. महिपतीराव किल्ली फिरविणार, तो हिराबाईंचे ओठ हालले. जात्यावर एकीने म्हटले म्हणजे समोरचीने गप्प बसणे, हे कोणते घरी चालते? राग मोडवेना आणि ओवीही राहवेना, सबब त्यांनी खिडकीकडे तोंड करोन म्हटले,

लेक तुजी इहीनबाई, सून माज्या गं घराची
येल वाडला एक बाई, सावली दोन दाराची

सारिकाबाई मधे बैसली होती. तिने एका हाताने आईचा हात धरिला, दुसऱ्या हाताने सासूचा, आणि डोळे पुसावयासी हात उरला नाही म्हणोन मान खाली घातली. मग महिपतीरावांनी किल्ली फिरविली. खिंडीत वाऱ्याचा आवाज तेवढा राहिला.

दर्शन जाहले, नारळ वाढविला, आणि अखेरचे कलम उरले. महिपतीरावांनी किल्ली दिली. ढवळी गुरगुरली आणि निमाली. हिराबाईंनी दाराचे मुठीवर हात ठेविला. शालूबाईसाहेबांचा चेहरा पाहावेना. महिपतीरावांस उमगले की घाईत किल्ली लौकर सुटली. त्यांनी पुन्हा किल्ली दिली आणि धरोन ठेविली. ढवळी सुरू जाहली.

हिराबाई तरीही उतरल्या, मागे गेल्या, वाकोन सायलेन्सरचे तोंडात बोट फिरविले आणि उजेडात धरिले. डिझेलची गाडी, थोडी काजळी लागलीच. हिराबाईंनी ती काजळी सुनेचे कानामागे तिटेसारखी लाविली आणि दार ओढोन म्हणाल्या की, चला आता, पोरीला भूक लागली आसंल.

औंढ्यास पोचताच भाकरतुकडा ओवाळिला, पायांवर पाणी घातले, लेक उंबरा ओलांडोन आत गेली. हिराबाई अंगणातच थांबल्या, चहूकडे पाहिले आणि जे फर्मान सुनाविले ते अक्षरशः येणेप्रमाणे.

"पोर ठिवते. पर गाडी आशी न्हाई लावायची. रोज सांजच्याला तोंड रस्त्याकडं करून लावायची."

महिपतीरावांनी सरपणाचा ढीग आपल्या हाताने हालविला, मागे पुढे करीत ढवळी वळविली, आणि रस्त्याकडे तोंड करोन उभी केली. आत तिघी बोलत होत्या. कोण काय म्हणते ते कळत नव्हते, परंतु मधे लेकीचे हासू येई. महिपतीराव सुकाणूवर हात ठेवोन ऐकत राहिले. एक ओवी नव्हे, चार ओव्यांचे डिझेल जळले, आणि त्यांनी किल्लीस हात लाविला नाही.

येणेप्रमाणे खिंड सर जाहली, सुदुंबऱ्याचा तह पुरा जाहला, जायबंदी कोणी नाही, लेक माहेरी दाखल. पुढील स्वारीचा हुकूम पोटातील धन्याचे हाती आहे, मग तो धनी असो वा धनीण. हुकूम येईतो ढवळी रोज सायंकाळी तोंड रस्त्याकडे करोन हजीर असे.