मैना पिंटूसमोर बसली

सकाळी आठला मैदानावर दहा बॅगा ओळीने मांडल्या होत्या. एकीत स्फोटकाचा नमुना होता. मैनाने ती बॅग हुंगून काढायची आणि तिच्यासमोर गुपचूप बसायचं, एवढीच वार्षिक परीक्षा. स्फोटक शोधणारा कुत्रा भुंकत नाही, पंजा मारत नाही, नुसता बसतो. मैना बॅगांकडे गेलीच नाही. ती सरळ पिंटूकडे गेली आणि त्याच्यासमोर बसली.

पिंटू हा श्वान पथकातला मैनाचा दुसरा हँडलर. पहिला ताराचंद. सहा वर्षांपूर्वी ही लॅब्रॉडॉर पिल्लू म्हणून आली, तेव्हापासून तिचा पट्टा त्याच्याच हातात होता.

"काय आहे तुझ्याकडे?" परीक्षक मनोहररावांनी विचारलं. ते पुण्याहून आले होते.

"काहीच नाही साहेब."

"खिसे रिकामे कर."

रुमाल निघाला, गाडीची किल्ली निघाली, आणि शेवटी प्लास्टिकच्या पन्नीत बांधलेला खर्रा निघाला. सुपारी, तंबाखू, चुना. मनोहररावांनी तो दोन बोटांत धरून पाहिला आणि पिंटूला मैदानाबाहेर पाठवलं.

दुसऱ्यांदा मैना व्हॅनच्या ड्रायव्हरसमोर बसली. तिसऱ्यांदा फाटकावरच्या हवालदारासमोर. चौथ्यांदा गुण लिहिणाऱ्या कारकुनासमोर. प्रत्येकाच्या खिशातून खर्रा निघाला.

"हे पोलीस मुख्यालय आहे की पानठेला?" मनोहरराव म्हणाले. त्यांनी कागद पुढे ओढला. "स्फोटकाचे नमुने आणि खर्रा तुम्ही एकाच ठिकाणी ठेवता. त्या वासाने कुत्री बिघडली. दुपारी चारला एक संधी देतो. नाही जमलं, तर अयोग्य असा शेरा मारणार."

अयोग्य ठरलेला कुत्रा शहराबाहेरच्या एका संस्थेत जातो. ताराचंदला ते माहीत होतं. बायको जाऊन आठ महिने झाले होते. नंदनवन वस्तीतल्या घरी बोलायला कोणी नव्हतं. इथे निदान 'बस', 'ऊठ', 'शाब्बास' एवढं तरी बोलणं व्हायचं.

कुत्र्यांच्या स्वयंपाकघरामागे दोघांची जुंपली.

"तूच बिघडवलं तिले," ताराचंद म्हणाला. "दिवसभर चघळून राहते."

"अन् तुमी काय तुळशीची पानं खाता का? नमुन्याच्या पेटीची चाबी तुमच्याजवळ राहते, माझ्याजवळ नाही."

कुत्र्यांचा भात ढवळणाऱ्या जिजाबाईने पळी बाजूला ठेवली. "भांडू नका गा. वहिनीनं शिकवलं तिले."

"कोण वहिनी?"

"तुमची बायको, आणखी कोण. चारुशीला. डबा घेऊन यायची ना रोज बारा वाजता? तुमी हात धुवाले गेले का तुमच्या टांगलेल्या शर्टातून पुडी काढायची, मैनाले हुंगवायची, मंग कुठं कुठं लपवायची. मैना पुडीसमोर बसली का भाकरीचा तुकडा. वरून तूप. पुडी परत खिशात."

ताराचंद खाली पायरीवर बसला. "मले काहून नाही सांगितलं?"

"सांगू नको म्हणे. मी म्हटलं, बाई, तू स्वतःच खिसे पाहत जा ना. तं म्हणे, मी किती दिवस पाहणार वं? नंतर कोणी तरी पाहिजे ना पाहाले." जिजाबाईने पुन्हा पळी उचलली. "तवा दवाखाना सुरू झाला होता तिचा."

दवाखान्यात ताराचंदने तिच्या हातावर हात ठेवून खर्रा सोडला होता. तेरवीपर्यंत तो शब्द पाळलाही. मग पुन्हा सुरू झाला. तेव्हापासून मैना रोज सकाळी येऊन त्याच्यासमोर शांत बसायची. ताराचंदला वाटायचं, मुक्या जनावराला दुःख कळतं. तो तिच्या डोक्यावरून हात फिरवायचा. पिंटूला सांगायचाही, "पाय, समजते तिले सारं."

चार वाजता त्याने मनोहररावांना सगळं सांगितलं. "कुत्री बिघडली नाही साहेब. दोन कामं शिकली. आधी सगळ्याइचे खिसे खाली करा, मंग पाहा."

एक मोठं ताट आणलं गेलं. पिंटू, ड्रायव्हर, हवालदार, कारकून सगळ्यांनी त्यात पुड्या टाकल्या. सकाळच्या झडतीनंतरही त्या निघाल्या, याचं कोणालाच नवल वाटलं नाही. ताराचंदने आपल्या खिशातली टाकली. सगळ्यात शेवटी मनोहरराव कागद चाळत ताटाजवळून गेले, तेव्हा ताटात एक पुडी वाढलेली होती. ती कोणाची हे कोणी विचारलं नाही.

ताट मैदानाबाहेर नेलं आणि मैनाला सोडलं. पहिली बॅग झाली, दुसरी झाली. तिसरीपाशी ती थांबली, वळली, आणि येऊन ताराचंदसमोर बसली.



ताराचंदने टोपी काढली. आतल्या पट्टीखाली एक बारीक पुडी होती. ती अडीअडचणीची होती, त्यामुळे खर्ऱ्यात तो तिला धरतच नसे. टोपीतली ही जागा चारुशीलाला कधी सापडली नव्हती. त्याने ती पिंटूच्या हाती देऊन मैदानाबाहेर पाठवली. "ऊठ," तो म्हणाला.

मैना उठेना. चेंडू दाखवला, तरी उठेना. चेंडू स्फोटकासाठी होता. या कामाचं बक्षीस वेगळं ठरलेलं होतं.

जिजाबाई भाकरीचा तुकडा घेऊन आली. वर तूप होतं. मैनाने तो खाल्ला, जीभ फिरवली, चालत गेली आणि सातव्या बॅगेसमोर बसली. नमुना सातव्या बॅगेतच होता.

मनोहररावांनी लिहिलं, 'श्वान कामास योग्य.' जरा थांबून खाली आणखी एक ओळ लिहिली, 'हँडलर निगराणीखाली.'

दुसऱ्या दिवशी सकाळी ताराचंद मैनाच्या खोलीत गेला. तिने खिसे हुंगले. त्याने टोपी खाली धरली, तीही हुंगली.

"बूटही पाहून घे वं."

तिने बूटही पाहिले. मग ती न बसता कोपऱ्यात गेली आणि तोंड फिरवून पडून राहिली. आठ महिन्यांत पहिल्यांदाच ती त्याच्यासमोर बसली नाही. ताराचंद तसाच उभा राहिला. रिकाम्या खिशासाठी काय द्यायचं, हे चारुशीलाने ठरवलंच नव्हतं.

थोड्या वेळाने तो तिच्याशेजारी फरशीवर बसला. डबा उघडून त्याने भाकरी मोडली. अर्धी तिच्यापुढे ठेवली, अर्धी स्वतः खाल्ली. तूप आणायला तो विसरला होता. मैनाने भाकरी हुंगली आणि त्याच्याकडे पाहत राहिली.

"उद्या आणतो," ताराचंद म्हणाला.