पंचवीस अंशांचा ठराव

मुरूम गावच्या द्राक्षरस प्रक्रिया सहकारी संस्थेत, ऐन दुष्काळी चैत्रात, वाइनचे तापमान पंचवीस अंशांवर राहावे असा ठराव एकमताने मंजूर झाला. पिंपांवर त्याची प्रत चिकटवण्यात आली.

संस्थेच्या रसायनतज्ज्ञ चांगुणाबाईंना प्रतीचा भरवसा नव्हता. पुण्याहून जपून आणलेले यीस्ट जिवंत होते. ते साखर खाई, दारू करी आणि त्या खटाटोपात स्वतःच तापे. गारव्यात सावकाश काम करू दिले, तर द्राक्षाचा वास टिकला असता. फार तापले, की आधी सुवास उडतो, मग यीस्ट मरते आणि मागे आंबट सिरका उरतो. हा पहिलाच माल होता. तो बिघडला, तर बाईंची जागाच रद्द होणार होती.

"नानासाहेब, पत्र्याखाली पिंपं उकळतील. तुमच्या कोरड्या विहिरीत उतरवू या. तळाशी गार आहे."

चेअरमन नानासाहेब दचकले. "कोरडी कोण म्हणलं?"

"मी आत उतरून आले."

"तुम्ही उतरला आसाल. पण सरकारदरबारी ती तुडुंब हाय. खोलीकरणाचा दाखला हाय. पिंपं बुडाली, तर जबाबदार कोण?"

"मग पोहणारा नेमा!" चांगुणाबाई वैतागून बोलून गेल्या.

"ह्येला म्हणत्यात शास्त्र!" नानासाहेबांचा चेहरा उजळला. दुसऱ्याच दिवशी त्यांचा मेहुणा बब्रुवान विहिरीवर पोहणारा म्हणून रुजू झाला.

बब्रुवानने आत डोकावून पाहिले. "दाजी, मला पोहाया येत न्हाय."

"आरं, आत पाणीच न्हाय!"

"हळू बोला. दाखला हाय."

प्रश्न तांत्रिक होता. जिल्ह्यात बुडण्याइतके पाणी कुठेच नसल्याने बब्रुवानला पोहणे शिकायला सरकारी खर्चाने कोकणात पाठवले. तो परत येईतो पिंपे जागच्या जागी ठेवण्याचे ठरले.

इकडे पिंपातला थर्मामीटर एक्केचाळीस दाखवू लागला. ठरावाचा हा उघड भंग होता. सेक्रेटरी बलभीमने त्याला कारणे दाखवा नोटीस काढली. उत्तर आले नाही, म्हणून त्याची बदली नानासाहेबांच्या खोलीतल्या माठात झाली. तिथे तो तासाभरात सुधारला.

यीस्टची बदली कोणी केली नाही. ते मेले.

वार्षिक सभेत पेले फिरले. वास येताच पुढच्या रांगेचे डोळे पाणावले. गहिवर समजून मागच्या रांगेने टाळ्या वाजवल्या.

"सायेब," सभासद धुरपदाबाईंनी नाकाला पदर लावला, "ह्यात लोणचं घालायचं का ह्यानं गुडघं चोळायचं?"

"नीट वास घ्या. गुलाब हाय!" नानासाहेब म्हणाले.

प्रत्येकाने शेजाऱ्याच्या तोंडाकडे पाहिले.

"व्हय की! गुलाबच!"

"मला तर केवडाबी लागला!"

"बाई, शास्त्र काय म्हणतं?"

"यीस्ट मेलंय, नानासाहेब. हा सिरका आहे."

"बाईंनी शास्त्रीय भाषेत दुजोरा दिला," बलभीम लिहिता लिहिता मोठ्याने म्हणाला.

"सुवासाच्या ठरावाला कुणाचा विरोध?"

चांगुणाबाईंनी हात वर केला.

"बाईंना उकडतंय. खिडकी उघडा रे," नानासाहेब मायेने म्हणाले. लगोलग बाईंची जागा कायम झाली, आणि पुढच्या हंगामासाठी वीस अंश मंजूर झाले.

बलभीमने इतिवृत्त वाचून दाखवले: सुवासाचा ठराव एकमताने संमत. गैरहजर सभासद, तसेच ही हकीकत पुढे कधी कुठे वाचून नुसते हसतील ते सर्व, अनुकूल धरण्यात आले आहेत.