खोक्यातले देव

आमच्या शेजारचे निंबाळकर तोंड झाकल्याशिवाय बोलत नाहीत. दुबईच्या अल बर्शा भागातल्या आमच्या इमारतीत नव्याने आलेल्या माणसाला वाटतं, यांची दाढ दुखत असावी. तसं काही नाही. त्यांच्या हातात प्लॅस्टिक चढवलेला, खेळातले डाव लिहिलेला एक रंगीत तक्ता असतो आणि तोंड उघडण्याआधी तो नाकाखाली येतो. निंबाळकर अमेरिकन फुटबॉलचे कोच. कोचच्या ओठांवरून समोरची टीम डाव ओळखते म्हणे, म्हणून मैदानावर ही खबरदारी. पण सुपरमार्केटात कोथिंबिरीची जुडी मागतानाही? मी एकदा विचारलंच. तक्त्यामागून उत्तर आलं, "सवय सुटली की मॅच गेली!"

मूळचे कोल्हापूरचे. इंजिनियर व्हायला अमेरिकेत गेले, तिथे कॉलेजच्या टीमचे व्हिडिओ कापायचं काम मिळालं आणि इंजिनियरिंगही त्यातच कापलं गेलं. कैरीच्या आकाराचा चेंडू छातीशी धरून पळायचा हा खेळ त्यांच्या असा काही अंगात भिनला की पुढे ते मोठ्या व्यावसायिक टीमचे असिस्टंट कोच झाले. या धंद्याची रीत अशी, की हेड कोचची खुर्ची गेली की हाताखालचे सगळे घरी. हेड कोच हरायचे आणि निंबाळकर गाव बदलायचे. अमेरिकेचा नकाशा दाखवला की ते बोट ठेवून सांगतात, "इथून काढलं. मग इथून काढलं. इथं बर्फ फार होता, पण काढलं छान, प्रेमानं."

"काढतात म्हणजे पत्र देतात?"

"छे हो! गेटला कार्ड लावायचं. हिरवा दिवा लागला नाही, की समजायचं."

त्यामुळे आमच्या इमारतीच्या दाराला कार्ड लावून हिरवा दिवा लागला, की ते रोज मोठ्याने म्हणतात, "चला, अजून आहोत!" माझी मुलगी लिफ्टमध्ये तोंडावर वही धरून त्यांची नक्कल करते, "डॅड, वी आर स्टिल हिअर!"

दुबईत ते आयुष्यात पहिल्यांदा हेड कोच झाले. पण घर पाहाल तर आजच निघाल्यासारखं. निम्मं सामान खोक्यांत. भिंतीवर एक खिळा नाही. कारण अमेरिकेत एकदा त्यांनी हौसेने भिंतीला भोक पाडून देव्हारा लावला आणि त्याच आठवड्यात नोकरी गेली. तेव्हापासून भिंतीला हात लावायचा नाही, हा नियम. सुमनवहिनींच्या वडिलांनी लग्नात दिलेला तो सागवानी देव्हारा चादरीत गुंडाळलेला, आणि अंबाबाई, बाळकृष्ण एका आडव्या खोक्यात. पुठ्ठा पेटायला नको म्हणून समोर बॅटरीवरचं निरांजन.

"माझे देवसुद्धा व्हिजिट व्हिसावर आहेत," वहिनी हसून सांगायच्या.

यंदा मात्र त्यांचं हसू आटलं. टीम लागोपाठ हरली होती, कोचचा करार संपत आला होता, आणि इथे नोकरीबरोबर व्हिसाही जातो. "आता पुन्हा खोकी उचलायचं बळ नाही गं," असं त्या माझ्या बायकोला म्हणाल्या, तेव्हा आम्हा दोघांनाही जेवण गेलं नाही.

एका सकाळी टीमच्या मालकांनी कोचला स्टेडियमवर बोलावलं. गाडी गॅरेजात, म्हणून ते कडक इस्त्रीचा शर्ट घालून मेट्रोने गेले. मी त्या दिवशी घरूनच काम करत होतो. जेवायच्या आधीच शेजारून पॅकिंग टेपचा चर्रचर्र आवाज आला. धावत गेलो. कोच खोकं बांधत होते. वहिनी देवांपाशी बसल्या होत्या.

"दिवा लागला नाही," कोच तक्त्यामागून म्हणाले. "तीनदा लावून पाहिलं. खलास."

"अहो, पण कुणाला विचारलंत का?"

"काय विचारायचं? गेटवरचा माणूस बिचारा नजर चुकवतो. मला अनुभव आहे."

एवढ्यात फोन वाजला. कोचचे दोन्ही हात पुन्हा टेपात गुंतलेले, म्हणून वहिनींनीच स्पीकर लावला. मालकांचा आवाज घरभर घुमला. "कोच साब, किधर हो हबीबी? चाय ठंडी हो गई! मैं पेन लेके बैठा हूँ, साइन कौन करेगा?"

"लेकिन सर… गेट…" कोच टेपासकट तक्ता नाकाखाली नेत म्हणाले.

वहिनी उठल्या. त्यांनी कोचच्या शर्टाच्या खिशात हात घातला आणि गेटला लावलेलं ते कार्ड बाहेर काढलं.

"अहो," त्या म्हणाल्या, "हे मेट्रोचं आहे!"

मी इतका हसलो की खोक्यावरच बसलो. मनावरचा धोंडा उतरला होता, नाहीतर एवढं हसू येत नाही. वहिनी एकाच वेळी हसत आणि डोळे पुसत होत्या. कोच मात्र तसेच, तक्ता तोंडावर धरून, टॅक्सी पकडायला पळाले.

संध्याकाळी बेल वाजली. दारात कोच. नवा करार झाला होता. स्वतःच्या घराकडे एकदा मान वळवून बघत, तक्त्यामागून ते कुजबुजले, "तुमच्याकडे ड्रिल मशीन आहे ना? सुमनला कळू द्यायचं नाही."

ड्रिल मशीन घरात कुणाला न कळता कसं चालवायचं, हा डाव त्या तक्त्यावर नसावा. आम्ही आत गेलो तेव्हा वहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभ्याच होत्या. कोचनी चादर सोडून देव्हारा काढला, बाहीने पुसला आणि दोन्ही हातांनी भिंतीला टेकवला. त्यासाठी तक्ता खाली ठेवावा लागला. इतक्या दिवसांत बोलायला उघडलेलं त्यांचं तोंड मी पहिल्यांदाच पाहिलं. ओठ लहान मुलासारखे थरथरत होते.

"सुमन," ते म्हणाले, "सांग, कुठे लावू?"

वहिनींनी पुढे होऊन खोक्यापुढचं बॅटरीचं निरांजन बंद केलं आणि त्या मला म्हणाल्या, "भावजी, जरा खाली घ्यायला सांगा त्यांना. मला बसून तेलाचा दिवा लावायचाय."