किल्लीवाले आबा

तमाम वाचकांना अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येते की, सत्तरच्या दशकाच्या शेवटी शेवटी सांगलीतल्या आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या कॉम्प्युटरची अब्रू एका माणसाच्या बंडीआड, काळ्या गोफात ओवलेली होती. ती पितळी किल्ली तो माणूस अंघोळीलासुद्धा काढत नसे.

मारुती आबा पवार. मूळचे कुंडलचे, लष्करातून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. कॉलेजने त्यांना कॉम्प्युटरच्या खोलीवर नेमलं. यंत्र कपाटाएवढं. त्याच्या मेमरीच्या एका कोपऱ्यात मुख्य प्रोग्रॅम राही. बाकीच्या सगळ्या प्रोग्रॅमांचा कारभार तोच बघे. आबा त्या कोपऱ्याला 'गाभारा' म्हणत. किल्ली बंद असली की लिहिण्याची तारच तुटे; गाभाऱ्यातलं वाचता येई, चालवता येई, पण तिथं नवं काही लिहिता येत नसे. एखाद्या पोराचा प्रोग्रॅम चुकून तिथं लिहायला गेला की यंत्र जागच्या जागी थांबे, लाल दिवा लागे आणि पाठोपाठ आबांचा आवाज येई, "कुणाचा रं हात ग्येला गाभाऱ्यात?"

मी तिथं गणित शिकवायचो. एकदा म्हटलं, "आबा, ही राखण प्रोग्रॅमवरच सोपवू की. किल्ली कशाला?"

"आवं मास्तर, प्रोग्रॅमला दुसरा प्रोग्रॅम फशिवतो. तारंला कोण फशिवणार? तार अडाणी असती. न्हाई म्हंजी न्हाई!"

आबांचा कायदा एकच. "जे चालतंय त्यावर लिवायचं न्हाई. ज्यावर लिवताय ते चालवायचं न्हाई." हा कायदा खोलीबाहेरही लागू होता. बेंदराला गावी गेले, तर भाऊ घाईघाईत जुंपलेल्या बैलाची शिंगं रंगवत होता. आबांनी ब्रश काढून घेतला. "आदी सोड त्येला. मग रंगीव." मी एकदा तास चालू असताना भिंतीवरच्या टाईमटेबलात खाडाखोड करायला गेलो, तर माझं मनगटच धरलं. एका बड्या पाहुण्याला तर त्यांनी सांगितलं, "सायेब, डोळं भरून बघा, पर हात मागं बांधून." पाहुण्यानं खरंच बांधले!

मग मुंबईहून साठेसर आले. हुशार, तापट. जुना मुख्य प्रोग्रॅम आठवड्यातून दोनदा मान टाकायचा, म्हणून त्यांनी सहा महिने खपून नवा लिहिला. आता फक्त किल्ली फिरवायची आणि जुन्यावर नवा चढवायचा.

"न्हाई," आबा म्हणाले.

साठेसरांनी समजावलं, दरडावलं, प्रिन्सिपॉलांना चिठ्ठी लिहिली. आबा म्हणाले, "नोकरी घ्या. किल्ली न्हाई."

मी त्यांना कँटीनमध्ये नेलं. चहा बशीत ओतून ते फुंकू लागले.

"यंत्र बसवाय इंजिनेर आलं हुतं, तवा आमची कारभारीन हौसा भाकरी घिऊन आल्ती. इंजिनेर लय भला मानूस. म्हनला, काकू, गाभाऱ्यात चार घरं मोकळी हायती, तुमचं नाव घाला. आवं, ती जल्मभर अंगठंवाली! त्यो सांगल तसं तिनं एकेक बटन वर-खाली केलं. कपाळाला घाम! शेवटी इंजिनेर म्हनला, काकू, तुमी तुमचं नाव लिवलं. घरापातूर हसत ग्येली. पुढचा बेंदूर काय तिनं बघितला न्हाई."

मी हे साठेसरांना सांगितलं. ते चष्मा पुसत राहिले. मग स्वतःच आबांकडे गेले.

"आबा, नाव आधी भोकं पाडून कागदी फितीवर काढून घेऊ. प्रोग्रॅम चढवला की परत आत घालू. अक्षरही बदलणार नाही."

"व्हय सर. पर मग ते तुमच्या हातचं व्हईल." आबांनी छातीवरच्या किल्लीवर हात ठेवला. "गाभाऱ्यातलं लिवनं बारक्या लोखंडी कड्यांत असतं. वीज ग्येली तरी त्या कड्या तिनं जशा फिरवल्या तशाच ऱ्हात्यात म्हनं. तिच्या हातचं दुसरं काय बी लिवल्यालं न्हाई माज्याकडं."

साठेसर निघून गेले. त्यांच्या प्रोग्रॅमला गाभाऱ्यातली जागा न् जागा लागत होती. तीन दिवस ते लाल पेन्सिल घेऊन कागदांच्या चळतीत बसले. इथली एक आज्ञा काढ, तिथल्या दोनांची एक कर. चौथ्या दिवशी दाढी वाढलेले साठेसर खोलीत आले आणि म्हणाले, "चार घरं सोडलीत. त्यांच्या अलीकडेच थांबतो माझा प्रोग्रॅम. बघा हवं तर."

आबांनी कागद बघितला नाही. साठेसरांचं तोंड बघितलं. मग गोफ डोक्यावरून काढला, किल्ली स्वतः फिरवली आणि हात मागं बांधून उभे राहिले.

कागदी फीत खडखडत आत गेली. नवा प्रोग्रॅम चढला, चालू झाला. साठेसरांनी ती चार घरं तपासली. टाईपरायटरने आठ इंग्रजी अक्षरं उमटवली: HAUSABAI. आबांनी विचारलं, "हीच का ती?" मी मान हलवली. त्यांनी किल्ली बंद केली आणि कागदाकडे पाठ करून खिडकीशी जाऊन उभे राहिले.

एवढ्यात आमच्या मेकॅनिकने यंत्राचं मागचं दार धाडकन लावलं, आणि कॉलेजभर तापट म्हणून प्रसिद्ध असलेले साठेसर जिवाच्या आकांताने ओरडले,

"अहो हळू! आत काकू आहेत!"