आवक झालेला निबंध

कळमनुरीला बी.ए.च्या दुसऱ्या वर्षात शिकणाऱ्या करुणाने चार दिवस खपून दोन पानांचा निबंध लिहिला होता आणि त्याच चार दिवसांत तिचे वडील पुंजाजी यांनी आपण एकच माणूस आहोत हे सरकारला पटवायची तयारी केली होती. दोन्ही कागद द्यायची शेवटची तारीख मंगळवार होती. म्हणून मंगळवारी सकाळी बापलेक एकाच काळीपिवळी जीपमध्ये दाटीवाटीने बसून कळमनुरीला आले.

पुंजाजींची अडचण जुनी होती. आधार कार्डावर ते पुंजाजी होते, सातबाऱ्यावर पुंजाराम आणि शाळेच्या दाखल्यावर नुसते पुंजा. आता शेतात विहीर मंजूर झाली होती, पण ती पुंजारामाला. पंचायत समितीच्या कचेरीतून निरोप आला होता की, तिन्ही माणसं एकच असल्याचं स्वयंघोषणापत्र मंगळवारी दोनच्या आत आणा, नाहीतर विहीर यादीतल्या पुढच्या माणसाला जाईल.

करुणाची अडचण नवी होती. 'कला आणि अस्मिता' शिकवणाऱ्या कावरखे सरांनी 'मी कोण?' या विषयावर वीस गुणांसाठी दोन पानं लिहून मागितली होती. टाईप केलेलं चालणार नव्हतं, कारण हस्ताक्षर हीसुद्धा माणसाची ओळख. नाव लिहायचं नव्हतं, कारण नाव वाचून तपासणाऱ्याचं मन झुकतं. नावाच्या जागी स्वतःचं चित्र काढायचं होतं. बाकीच्या पोरींनी आपापल्या आवडीनिवडी लिहून दहा मिनिटांत सुटका करून घेतली. करुणाने मात्र मनापासून लिहिलं. तिला चित्रं काढायला फार आवडायचं, पण घरी ती कोणाला दाखवत नसे. तेही तिने लिहिलं आणि वर एका बाजूने दिसणारा आपला चेहरा काढला. लांब नाक, घट्ट वेणी आणि मान जराशी वळलेली.

बसस्थानकासमोर भावसिंगचं झेरॉक्सचं दुकान होतं. त्याने पुंजाजींचं घोषणापत्र टाईप करून दिलं, त्यावर फोटो चिकटवला, सही घेतली आणि ते एका खाकी पाकिटात घातलं. करुणाने आपल्या दोन पानांसाठीही तसंच पाकीट मागितलं. भावसिंगने दोन्ही पाकिटं दोन हातांत धरून बजावलं, "हे कॉलेजाचं, हे कचेरीचं. बराबर ध्यानात ठिवा." नेमका तेव्हाच त्याचा फोन वाजला. तो घ्यायला त्याने दोन्ही पाकिटं गल्ल्यावर ठेवली, बोलणं झाल्यावर पुन्हा उचलली आणि मोठ्या खात्रीने वाटून दिली.

"चाल बाई, तू तिकडं जाय, मी इकडं जातो," पुंजाजी म्हणाले. करुणाने पाकिटावर आपला हजेरी क्रमांक, तेवीस, टाकला आणि कॉलेजकडे निघाली.

कावरखे सरांना काम वर्गातच उघडून पाहायची हौस होती. बावीस पाकिटं त्यांनी चेहऱ्यावर काही न उमटू देता पाहिली. तेविसावं उघडलं आणि ते खुर्चीतून उठले.

"ऐका," ते म्हणाले. "'मी, पुंजाजी ऊर्फ पुंजाराम ऊर्फ पुंजा, वय वर्षे अठ्ठावन्न, धंदा शेती, सत्यप्रतिज्ञेवर लिहून देतो की, वरील तिन्ही नावांची व्यक्ती मी एकच आहे.'"

वर्गात खसखस पिकली. करुणाच्या कानापर्यंत रक्त चढलं. ती उभी राहिली. "सर, ते चुकून..."

"बस, बस. आधी मला बोलू दे." सरांचे डोळे चमकत होते. "मी वर्षभर घसा कोरडा करून सांगतोय की, 'मी' हा एकटा नसतो. या मुलीने काय केलं? सरकारी भाषा उचलली, म्हणून माझा नियम मोडून टाईपसुद्धा केलं! स्वतःच्या चित्राच्या जागी बापाचा फोटो लावला! आणि शेवट ऐका. 'वरील माहिती खोटी आढळल्यास मी शिक्षेस पात्र राहीन.' आपण कोण आहोत याची एवढी जबाबदारी घेतो का आपण कोणी?"

कोणी घेत नव्हतं. सगळा वर्ग खाली पाहू लागला.

"सर, ते माझं न्हाई," करुणा पुन्हा म्हणाली.

"तेच तर!" सर म्हणाले. "चांगलं काम झालं की वाटतंच तसं. वीसपैकी अठरा."

एवढ्यात तिच्या पिशवीतला फोन थरथरू लागला. ती तशीच व्हरांड्यात पळाली. पलीकडे पुंजाजी होते आणि त्यांच्या मागे बऱ्याच माणसांचा गलका होता.

"करुणे, माझ्या कागदात काय लिहून देलंस माय?"

"काय झालं बाबा?"

"इथल्या राठोड मॅडम इचारून राहिल्या, काका, तुमी बाई हाव का?"

"आं?"

"त्यात लिवलंय म्हणे, 'मी घरात वेगळी असते आणि बाहेर वेगळी असते.' मी म्हणलं, मी सगळीकडं असाच असतो, गावात कोणालाबी इचारा. तर म्हणे, मंग खाली हे काहून लिवलं, 'मी नेमकी कोण, हे मला अजून ठाऊक नाही'? काका, तुमालाच ठाऊक न्हाई, तर आमी विहीर कोणाला द्यायची?"

करुणाने भिंतीला पाठ टेकली. सगळा घोटाळा तिच्या ध्यानात आला.

"अन् एक चित्र हाय," पुंजाजी सांगतच होते. "मॅडम म्हणल्या, हे तुमी का? मी निरखून पाह्यलं. म्हणलं, मी न्हाई, पण नाक आमच्या घरचंच हाय."

"बाबा, पाकिटं बदलली. तुमी तिथंच थांबा, मी येऊन राहिले. अन् तो कागद मॅडमपासून परत घ्या, वाचू देऊ नका."

"आता कसं घेऊ? त्या मोठ्यानं वाचून राहिल्या अन् रांगेतले समदे ऐकून राहिले. दुसरं पान लागलं."

दीड वाजून गेला होता. करुणा धावत वर्गात आली तर सरांच्या टेबलावर घोषणापत्र नव्हतं. ते भिंतीवर होतं. सरांनी मोठा गुलाबी कार्डशीट घेऊन त्याच्या मधोमध घोषणापत्र गोंदाने पक्कं चिकटवलं होतं आणि वर ठळक अक्षरात विषयाचं नाव लिहिलं होतं. दोन मुली भोवती वेलबुट्टी काढत होत्या.

या वेळी करुणाने सरांना मधे बोलू दिलं नाही. तिने एका दमात सगळं सांगितलं. पाकिटं, विहीर, दोनची वेळ, रांगेतली माणसं. सर ऐकत गेले तसतसे त्यांचे खांदे खाली येत गेले.

"म्हणजे हे खरंच घोषणापत्र आहे?"

"व्हय सर."

"विहिरीसाठी?"

"व्हय सर."

सरांनी भिंतीकडे पाहिलं. "तरी चांगलं आहे," ते म्हणाले आणि खिशातून मोटारसायकलची किल्ली काढली. "चल, बस मागे."

गोंद वाळला होता, घोषणापत्र सोडवायला गेलं तर फाटलं असतं. म्हणून करुणा अख्खा कार्डशीट छातीशी धरून मागे बसली. वाऱ्याने तो पतंगासारखा ओढ घेऊ लागला. आठवडी बाजारातून बकऱ्या घेऊन निघालेली माणसं थांबून वाचू लागली, आणि आपल्या बापाचा फोटो वेलबुट्टीसकट गावभर मिरवत करुणा कचेरीत पोचली तेव्हा दोनला सात मिनिटं कमी होती.

खिडकीपाशी रांग अशी उरलीच नव्हती. सगळे गोल करून उभे होते आणि मधे राठोड मॅडम निबंधाचं शेवटचं वाक्य वाचत होत्या. करुणाने घाम पुसत कार्डशीट खिडकीत सरकवला. तो आडवा मावेना, मग तिरपा केला.

मॅडमनी फोटो पाहिला, पुंजाजींकडे पाहिलं, तिन्ही नावं वाचली. "हे बराबर हाय. पण यात कमी हाय. नावं तीन काहून झाली, याचा खुलासा न्हाई. निस्तं एवढंच आणलं असतं, तर मी परत केलं असतं."

करुणाचं तोंड उतरलं.

"पण खुलासा ह्यात हाय," मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी निबंधाचं दुसरं पान वर धरलं. "'माझ्या वडिलांना आजोबांनी शाळेत घातलं तेव्हा मास्तर घाईत होते, म्हणून ते पुंजा झाले. शेत नावावर झालं तेव्हा लिहिणाऱ्याला नाव अपुरं वाटलं, म्हणून त्याने पुढे राम जोडला. आधार कार्डाच्या वेळी मात्र वडिलांनी आयुष्यात पहिल्यांदा आपलं नाव आपल्या तोंडाने सांगितलं. पुंजाजी.' पोरी, इतका साफ खुलासा मी नोकरीत पाह्यला न्हाई."

त्यांनी कात्री घेऊन वेलबुट्टीच्या आतून घोषणापत्र कापलं, त्याला निबंधाची दोन्ही पानं जोडली आणि तिन्हींवर आवकचा शिक्का मारला. गोलातल्या माणसांनी माना डोलावल्या. विहीर पुंजाजींची झाली.

"मॅडम," कावरखे सर खिडकीत वाकले, "तो निबंध मला तपासायचा आहे. वीस गुणांचा आहे."

"आवक झाला सर. आता मूळ कागद देता येत न्हाई. नक्कल मिळंल, अर्ज करा. अन् वळखपत्र जोडा."

सरांनी उभ्या उभ्या अर्ज लिहिला आणि खिशातून दोन कार्डं काढून दिली. मॅडमनी ती शेजारी शेजारी ठेवली. "अर्जावर प्रा. ए. के. कावरखे. कॉलेजच्या कार्डावर अमृत. आधारवर अमृतराव. ह्यातले तुमी कोणते?"

पुंजाजींनी मोठ्या अदबीने त्यांच्यासाठी स्टूल ओढलं. "बसा सर. याला वेळ लागतो."

मग बापलेक बाहेर लिंबाच्या सावलीत आले. करुणाला वर पाहवत नव्हतं. घरी कधी न बोललेलं सगळं आज अख्ख्या कचेरीने ऐकलं होतं.

"रागावले का बाबा?"

"काहून रागवू?" पुंजाजींनी टोपी काढून डोकं पुसलं. "मॅडम वाचून राहिल्या होत्या, तवा एका जागी मला रडू आलं. लोकांना वाटलं, विहिरीचं काम फिसकटलं म्हाताऱ्याचं. चौघांनी पाणी आणून देलं. चारी गिलास प्यावे लागले."

करुणा हसली, मग तिचेच डोळे भरले. "कोणत्या जागी रडू आलं?"

"ते मी न्हाई सांगत," पुंजाजी म्हणाले. "वाच अन् तूच शोध. शिकून राहिलीस ना?"

करुणाने निबंध काढायला पिशवीत हात घातला आणि तसाच बाहेर काढला. मग ती पुन्हा आत गेली आणि स्टुलावर बसून तिसऱ्यांदा आपलं नाव लिहिणाऱ्या सरांच्या मागे नकलेसाठी रांगेत उभी राहिली.