सहाव्या ओळीवरचं लाल लेबल

कासारवाडीच्या ज्योतीराम सूर्यवंशींना एकच खोड होती, आकडा दिसला की तपासायचा. चाकणच्या कंपनीत बावीस वर्षं क्वालिटीत काढलेला माणूस! खराब निघालेल्या पार्टवर त्यांनी लाल लेबल लावलं, की मॅनेजरसुद्धा तो पुढे पाठवायला धजत नसे.

त्याच हौसेने त्यांनी लेकीच्या, वर्षालीच्या, पीएचडीच्या प्रबंधाची एक प्रत तपासली आणि सात आकड्यांवर लेबलं चिकटवली. घरची प्रत आहे, बिघडतंय काय! नेमका तोंडी परीक्षेच्या सकाळी तिचा फोन आला, "पप्पा, परीक्षकांची प्रत घरीच राहिली. घेऊन या, लवकर!"

घरात प्रत एकच उरली होती. लेबलंवाली.

रिक्षात त्यांनी पहिलं लेबल सोलायला घेतलं. पण ती कंपनीची लेबलं, सहज सुटतील तर शपथ! लेबलाबरोबर अख्खा आकडाच निघून आला. ज्योतीरामांना दरदरून घाम फुटला. पोरीने पाच वर्षं रक्ताचं पाणी केलं, आणि आता बापाच्या पायी पदवी हुकणार! उरलेल्या सहांना हात लावायची त्यांची छाती झाली नाही.

विद्यापीठात परीक्षक मंजुषाबाईंनी प्रत उघडली. "हे कुणाचे उद्योग?"

"माझे," ज्योतीराम दारातूनच म्हणाले. "पोरीची चूक नाही म्याडम. मला बाहेर काढा, तिला नका काढू. आकडे प्रयोगाशी जुळंनात, म्हणून लावली."

"अहो पप्पा, ते करेक्शनच्या आधीचे आहेत!" वर्षाली कळवळली. "मेसॉन हा अणूहूनही बारीक कण, त्याच्या आतले कण इतके जोरात फिरतात, की साधं गणित चुकतं. सापेक्षतेचं करेक्शन घातलं, की मेसॉनच्या क्षयाचा वेग प्रयोगाशी जुळतो. शेजारचा रकाना बघा ना!"

"बरं, ती लेबलं माघारी, हे एक सोडून. पण तूच लिहिलंयस, मेसॉन जितका जड, तितके आतले कण संथ, अन् तितकं करेक्शन कमी. पाच ओळी आकडा उतरत आला, अन् सहावीत एकदम नव्वद टक्के? असं कसं?"

वर्षालीने घाईघाईने लॅपटॉप उघडला. मूळ गणितात नऊच होते. टाइप करताना एक शून्य जास्त पडलं होतं.

"मी पीडीएफवर दोनदा वाचलाय हा प्रबंध," मंजुषाबाई पुटपुटल्या. "मला नाही दिसलं."

मग मात्र त्यांनी तासभर वर्षालीला धारेवर धरलं. पोरगी एकाही प्रश्नाला अडखळली नाही. शेवटी बाईंनी अहवालावर सही ठोकली. "अभिनंदन, डॉक्टर! तेवढं शून्य काढून टाका."

ज्योतीरामांचे डोळे भरून आले. तशाच डोळ्यांनी त्यांनी तो कागद हातात घेतला, वरपासून खालपर्यंत वाचला आणि घसा खाकरला.

"म्याडम, सही झाली. तारीख राहिली."

मंजुषाबाईंनी मुकाट्याने पेनाचं टोपण पुन्हा काढलं.