कोरडा ट्रे

नवी मोटारसायकल घरी आली त्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी कवळीवाले काका खाली पार्किंगमध्ये गेले, गुडघा धरून कसेबसे वाकले आणि गाडीखालचा ट्रे ओढून पाहिला. ट्रे कोरडा होता.

काका दातांच्या डॉक्टरांना कवळ्या करून देत. तो पोचे पडलेला ॲल्युमिनियमचा ट्रे पूर्वी त्यांच्या कामाचा होता; त्यात ते प्लॅस्टरचे साचे वाळत ठेवत. जुनी मोटारसायकल आली तशी बायकोने तो उचलून खाली नेला. गाडी इंग्रजी होती आणि इंग्रजी गाडीतून तेल गळायचं. कंपनी कधीच बुडाली होती, त्यामुळे तक्रार ऐकायलाही कोणी उरलं नव्हतं.

मग घरात एक नियमच झाला. बायको सकाळी कचरा टाकायला खाली जायची, ट्रेमध्ये बघायची आणि खालूनच ओरडायची, "पडलंय हो!"

काका खिडकीतून म्हणायचे, "मग आहे!"

ट्रेमध्ये तेल पडलंय म्हणजे इंजिनात तेल आहे. ट्रे कोरडा, तर इंजिनही कोरडं. तसं असलं की ती ओरडायची, "ओता!" आणि काका तेलाचा डबा घेऊन जिना उतरायचे. सगळी बिल्डिंग या आरोळीवर उठायची. दुसऱ्या मजल्यावर एकटेच राहणाऱ्या सेक्रेटरींनी तर सोसायटीच्या मीटिंगमध्ये हा विषय काढला होता. सकाळी सकाळी एवढ्या मोठ्याने तेलाची चौकशी कशाला?

बायको म्हणाली, "त्यांच्या घरी कोणी कोणाची चौकशी करत नाही, त्याला मी काय करू?"

पुढे ती आजारी पडली. हॉस्पिटलमध्ये एकदा उशीवरून मान न हलवता म्हणाली, "माझ्यामागे दुसरी आणा."

"काहीतरीच बोलू नकोस."

"गाडी म्हणतेय मी. बायको कोण देतंय तुम्हाला या वयात? किक मारता येत नाही, खाली वाकता येत नाही. ट्रे कोण बघणार? बटणाची घ्या एखादी."

काका हो म्हणाले. तेव्हा ते कशालाही हो म्हणत होते.

ती गेल्यापासून काकांची सकाळ सुरूच होत नव्हती. जाग यायची, चहा व्हायचा, साचे ओतले जायचे, पण दिवस उजाडला असं वाटायचं नाही. खिडकी उघडी ठेवून ते बसायचे. खालून कोणी ओरडायचं नाही.

अशात ती बुडालेली कंपनी पुन्हा उभी राहिली. कोणीतरी नुसतं नाव विकत घेतलं होतं. टाकी तीच, टाकीवरचा सोनेरी पट्टा तोच. गावात शोरूम निघालं. तिथल्या मॅनेजरबाई म्हणाल्या, "तुमची जुनी आम्हाला द्या, नवी घेऊन जा. जुनी आम्ही इथे काचेत, दिव्याखाली, चौथऱ्यावर ठेवू. मान आहे तिचा."

काकांनी नवी गाडी चहूबाजूंनी न्याहाळली. हुबेहूब जुनीसारखी, फक्त जास्त सरळ आणि जास्त चकचकीत. कवळीचंही असंच असतं. मूळ दातांपेक्षा ती नेहमी देखणी दिसते.

"आणि काका, हिच्यातून तेलाचा एक थेंब पडणार नाही," बाई म्हणाल्या.

काकांनी मान डोलावली. कवळी नवी असताना तेही लोकांना सांगत, सफरचंद खा बिनधास्त.

आणि आता ट्रे कोरडा होता. इंजिनाच्या कडेला तेल बघायची एक गोल काच होती. काकांनी चष्मा पुसून तिच्यात पाहिलं. काच काळी दिसली. रिकामी म्हणून काळी की भरलेली म्हणून, ते तिच्याकडे बघून कळेना. मग काका स्वतःच म्हणाले, "ओता," आणि डबा आणून ओतला.

दुसऱ्या दिवशी ट्रे कोरडाच. एवढं पिऊन गाडी गप्प! काकांनी आणखी ओतलं. तिसऱ्या दिवशी तेल आणायला गेले तर दुकानदार म्हणाला, "काका, घरी गाडी आहे की गिरणी?" काकांनी पैसे पुढे केले. तेल झाकणाच्या तोंडाशी आलं तेव्हा त्यांना जरा धीर आला. आता तरी पडेल. एक थेंब, जास्त नको.

पडला नाही.

त्याच दिवशी सेक्रेटरींची कवळी तयार झाली. त्यांचे सगळे दात काढून झाले होते आणि तोंडाला रुमाल लावून ते गेले कित्येक दिवस मुकाट्याने जिना चढत उतरत होते. संध्याकाळी सोसायटीची मीटिंग होती. दात नसलेला सेक्रेटरी मीटिंगमध्ये काय करणार? त्यांनी खुणेनेच सांगितलं, मलाही डॉक्टरकडे न्या, आत्ताच बसवून घेतो.

कवळीची डबी गाडीच्या पिशवीत गेली आणि सेक्रेटरी मागे बसले. नव्या गाडीच्या मागच्या सीटवर बसणारे ते पहिलेच. बटण दाबायला काकांनी जरा वेळ लावला.

गाडी फाटकापर्यंत गेली आणि मागून निळा-पांढरा धूर निघायला लागला. रेस दिली की धूर साफ होतो, हा जुन्या गाडीचा अनुभव. काकांनी रेस दिली. आधी सेक्रेटरी दिसेनासे झाले, मग फाटक, मग पहिला मजला. धुरातून सेक्रेटरींचा आवाज येत होता, "हांबा! हांबा!" वरच्या कोणीतरी अग्निशमन दलाला फोन केला. तेवढ्यात इंजिनातून उतू गेलेलं तेल मागच्या चाकावर आलं, चाक सरकलं आणि गाडी सावकाश, अगदी सभ्यपणे आडवी झाली. सेक्रेटरी कुंडीत बसले. काकांचा गुडघा फरशीवर आपटला. पिशवीतली डबी घरंगळत फाटकाबाहेर गेली.

बंब आत आला तो सेक्रेटरींच्या दातांवरूनच.

"आग कुठंय?" बंबवाल्याने विचारलं.

"आग नाही हो. तेल जास्त झालंय."

"आजोबा, तेल जास्त झालं म्हणून बंब बोलावता?" असं म्हणत त्याने सवयीने गाडीवर फेस मारला. थोडा सेक्रेटरींवरही मारला. सेक्रेटरींना पुष्कळ बोलायचं होतं. त्यांच्याकडे सगळं होतं, मुद्दे होते, साक्षीदार होते. फक्त दात नव्हते.

गाडी टेम्पोत घालून शोरूमला नेली. मेकॅनिकने खालचा बोल्ट काढला, भांडं लावलं. ते भरलं. दुसरं लावलं, तेही भरलं. तो काकांकडे वळला.

"काका, हे इंजिन आहे. पाण्याची टाकी नाही. एवढं का ओतलंत?"

"खाली पडत नव्हतं."

"पडत नाही हेच चांगलं असतं ना!"

"मग आत आहे की नाही, कळणार कसं?"

"काच दिलीय की बघायला."

"काच काय ओरडून सांगते?" काका म्हणाले.

मेकॅनिकने भरलेलं भांडं बाजूला सरकवलं. तेवढ्यात मॅनेजरबाई तणतणत आल्या.

"बरं झालं तुम्ही आलात. तुमची ती जुनी! सगळं तेल काढलं, इंजिन आतून धुतलं, दिवसभर पंख्याखाली ठेवलं. तरी रोज सकाळी चौथऱ्यावर डाग! पांढरा चौथरा आहे आमचा. गिऱ्हाईक आत आलं की आधी डाग बघतं आणि विचारतं, नवी पण अशीच गळणार का? काय उत्तर देऊ मी?"

काका लंगडत चौथऱ्यापर्यंत गेले. दिव्याखाली जुनी गाडी धुऊनपुसून उभी होती, देहाला आंघोळ घालून ठेवावं तशी. खाली एक डाग होता. त्यांनी बोट लावून पाहिलं. ओला होता.

"रोज पडतं?"

"रोज!"

"आत काही नसताना?"

"नसतानाच तर!"

काकांनी ते बोट शर्टाला पुसलं. नंतर तो डाग गेला नाही.

"मी हिला परत नेतो," ते म्हणाले. "नवी तुम्हीच ठेवा. रात्री कवळी ग्लासात ठेवतात, तशी ती काचेतच बरी."

बाईंनी एक शब्दही घासाघीस केली नाही. टेम्पो त्यांचाच, हमालही त्यांचेच. वाटेत काकांच्या मनात आलं, तिने शेवटचं काहीतरी सांगितलं होतं आणि तेही आपल्याला जमलं नाही.

जुनी गाडी जागेवर उभी राहिली. हमालांनीच तेल ओतलं, ट्रे सरकवला. किक मारणं काकांना शक्य नव्हतं, त्यामुळे गाडी कुठे जाणार नव्हती. फरशीवर आपटलेल्या गुडघ्याने आता जिनाही उतरवेना. तेल पडलं की नाही, हे बघणार कोण? ते वर बसून राहिले. हाताला काम हवं म्हणून त्यांनी सेक्रेटरींची कवळी पुन्हा केली. घाई न करता, एकेक दात बघून लावला.

कवळी बसवून झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी खालून आरोळी आली. अक्षरन्‌अक्षर स्वच्छ.

"अहो कवळीवाले! तेल पडलंय हो! ट्रेच्या बाहेर आलंय! मीटिंगमध्ये घेणार मी हा विषय!"

काका खिडकीशी आले. सेक्रेटरी हातात कचऱ्याची बादली घेऊन वर बघत होते.

"ऐकू येतंय का? पडलंय म्हणतोय! ती ओरडायची तेव्हा तर लगेच उत्तर यायचं!"

काकांनी डोकं बाहेर काढलं.

"मग आहे!"

"असू दे नाहीतर नसू दे! उद्यापासून मी बघणार नाही, सांगून ठेवतो!"

मग एका सकाळी ट्रे कोरडा निघाला. काका अजून अंथरुणातच होते.

"ओता!" खालून सेक्रेटरी ओरडले.